सात इसाला एक कमी

सांगोल्याकडच्या धनगराला तुम्ही काय वाटेल ते विचारा. लग्न कसं जमलं विचारा, भावाशी भांडण कशावरून झालं विचारा, तो खुशाल सांगेल. पण मेंढरं किती, एवढं विचारू नका. विचारलंत तर तो आभाळाकडं बघेल आणि म्हणेल, "हायती की देवाच्या दयेनं चार." आता चार म्हणजे चाळीस की चारशे, ते तुमचं तुम्ही समजा. आकडा तोंडातून बाहेर पडला की कळपाला दृष्ट लागते, मोजलेलं मेंढरू टिकत नाही, असं आज्या-पणज्यापासून चालत आलेलं. पाच घरांच्या एका धनगरवस्तीवरल्या मायाक्काचं तर याबाबतीत फारच कडक होतं. आपला कळप ती तोंडानं ओळखायची. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरायला लागली की ही दाराशी उभी राहायची आणि एखादं मागं राहिलं असलं तर म्हणायची, "ती कानफाटी कुटं हाय गं?" पण आत किती गेली हे तिनं जन्मात मोजलं नव्हतं आणि कुणाला मोजूही दिलं नव्हतं.

सरकारला मात्र आकडा लागतो. सरकारी कुरणात चारायचं तर मेंढरामागं चराई भरायची आणि पास घ्यायचा. वर्षातून एकदा कुरणाचा गार्ड यायचा, बाजेवर बसायचा, चहा प्यायचा आणि विचारायचा, "गुंडा, किती लिहू?" मायाक्काचा नवरा गुंडा आभाळाकडं बघायचा आणि म्हणायचा, "लिवा की तीन इसा." इसा म्हणजे वीस, तीन इसा म्हणजे साठ. गार्डाला डोळे नव्हते असं नाही. पण जाताना त्याच्या खांद्यावर एक नवी घोंगडी पडायची आणि मग डोळ्यांना काही काम उरायचं नाही. गुंडा वारला, गार्ड दोनदा बदलले, कळप वाढला, पण सरकारच्या वहीत मायाक्काची मेंढरं साठ ती साठच. वस्तीवरच्या पाचही घरांचं असंच चाललेलं. लबाडी होती, मी नाही म्हणत नाही. पण ती इतकी अंगवळणी पडलेली की कुणाला ती लबाडी वाटेनाशी झाली होती.

त्या साली दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. आठवड्याभरात मेंढरं घेऊन बाहेरच्या मुलखात निघायचं म्हणून वस्तीवर बांधाबांध चालली होती. अशात एक माणूस सायकलवरून आला. अंगात खाकी कोट, खिशाला दोन पेनं, सायकलला चामड्याची पिशवी. त्यानं पाचही घरची माणसं एका जागी बोलावली, पिशवीतून पाच कागद काढले आणि वाचायला सुरुवात केली. कागदावर तांबडाभडक शिक्का, पुरीएवढा मोठा. मायाक्काच्या कागदात असं लिहिलं होतं, की तिच्याकडे मेंढरं नग एकशे त्रेचाळीस असल्याचं सरकारास समजलं आहे, सबब मेंढरामागं आठ आणे नवा मेंढरकर आठ दिवसांत भरावा, कसूर झाल्यास सगळा कळप जप्त करून लिलाव होईल. खाली सोलापूरच्या मोठ्या कचेरीचं नाव.

मायाक्कानं पुढचं काही ऐकलंच नाही. ह्या बाबानं आकडा मोठ्यानं वाचला होता, आणि तोही मेंढरांच्या समोर. ती बाजूला थुंकली, धावत घरात गेली, मीठमोहऱ्या आणून कळपावरून उतरून टाकल्या. परत आली तेव्हा बापे माणसं हात जोडून उभी होती आणि तो सायकलवाला त्यांना समजावत होता.

"चराईच्या पासात तुम्ही काय आकडा लिहून देता ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तेव्हा कचेरीकडं फिरकू नका. आलात तर मागचं सगळं निघेल आणि बेड्या पडतील. मी गरिबांकडं बघून इथल्या इथं मिटवतोय. आठव्या दिवशी येतो, पैसे माझ्या हातात द्यायचे. आणि याची वाच्यता कुठं नको."

झालं. वस्तीच्या तोंडचं पाणी पळालं. चोरी आपल्याच पोटात असली की माणूस समोरच्याला कुठं काय विचारतो? मायाक्काचा धाकटा दीर सिद्धनाथ वस्तीचा कारभारी. एरवी लांडग्यामागं एकटा धावणारा माणूस, पण तो कागद हातात धरून दिवसभर बाजेवर बसून राहिला, जेवलासुद्धा नाही.

दोन दिवसांनी शिवप्पा आला. हा सोलापूरचा लोकरीचा दलाल. दरवर्षी कातरणीला स्वतःची माणसं घेऊन यायचा, लोकर न्यायचा, सगळ्यांच्या घरचा भाकरतुकडा खाल्लेला. आल्या आल्या तो हळहळला. "पेठेत कानावर आलं, राहवलं न्हाय बगा," म्हणाला. "लिलावात मेंढराला बारा आणे पण यायचे न्हाईत. मी दीड रुपया देतो. माझं नुकसान होऊ दे, पण तुमची अब्रू राहू दे." मेंढराला बाजारात पाच रुपये येत होते तेव्हाची ही गोष्ट. तरी शेजारच्या कोंडीबानं त्याच दिवशी पंचवीस मेंढरं त्याच्या हवाली केली. पैसे घेताना म्हातारा ढसाढसा रडला. सिद्धनाथनं आपली तीस निवडून त्यांच्या पाठीवर गेरूचे पट्टे ओढले आणि वहिनीला म्हणाला, "वयनी, तुमी बी चाळीस-पन्नास काढून ठेवा. आठव्या दिवशी शिवप्पा न्यायला येतुया."

"चार दिस थांबा भावजी," मायाक्का म्हणाली.

थांबून काय करणार होती, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की तो आकडा तिच्या कानातून जात नाही. भाकरी थापताना, पाणी शेंदताना, सात इसा आन तीन, सात इसा आन तीन. शिवप्पा येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ती चिडली. दृष्ट लागायची ती लागलीच आहे, आता आणखी काय लागणार, असं म्हणून तिनं ओच्यात खडे भरले, जाळीचं दार एका मेंढरापुरतं उघडलं आणि सुनेला म्हणाली, "बाळाबाई, एक-एक सोड. मोजायचीत."

बाळाबाईचा चेहरा पांढरा पडला. "आत्याबाई, मोजताय?"

"व्हय. सोड."

मेंढरू बाहेर पडलं की एक खडा जमिनीवर. वीस झाले की नवी रास. शेवटचं कोकरू उड्या मारत गेलं तेव्हा सात राशी झाल्या होत्या आणि सातवीत एक खडा कमी पडत होता. सात इसाला एक कमी. म्हणजे एकशे एकोणचाळीस.

कागदात तर चार जास्त. दृष्ट लागली आणि चार मेंढरं गेली, हाच मायाक्काचा पहिला विचार. ती कळपात शिरली आणि एकेकीचं तोंड बघत सुटली. कानफाटी होती. काळतोंडी होती. तिची पिल्लं होती. रात्री जेवढी आत घेतली होती तेवढी सगळी होती. मग ही चार कुठली? ती तशीच मेंढरांच्या मधोमध उभी राहिली आणि तिला एक-एक आठवायला लागलं. दोन लांडग्यानं माण नदीच्या काठाला नेली. एक काहीतरी खाऊन पोट फुगून मेलं. एक दसऱ्याला बिरोबाला बळी दिलं. झाली चार. आणि चारही गेली ती कातरणीनंतर; त्यानंतर नवं कोकरूही एक झालं नव्हतं.

म्हणजे कातरणीच्या दिवशी मेंढरं सात इसा आन तीन होती. त्या दिवशी मोजली कुणी? कुणी नाही. मोजू कोण देईल? पण मेंढरू कातरून झालं की शिवप्पा आपल्या पिशवीत एक चिंचोका टाकत होता, कातरणाऱ्यांची मजुरी मेंढरामागं द्यायची म्हणून. वर्षानुवर्षं टाकत होता. आकडा तोंडानं म्हणायचा नाही, त्यामुळं त्याला कुणी मोजणी समजलंच नाही. चिंचोक्यांना काय दृष्ट लागते का? सगळ्या वस्तीनं मान फिरवून त्याला कळप मोजू दिला होता.

मायाक्का खाली बसली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मग ओरडायचं सोडून ती उठली आणि थेट सिद्धनाथकडं गेली. त्याला खडे दाखवले, चार मेंढरं सांगितली, चिंचोके सांगितले.

सिद्धनाथनं खडे हातात घेऊन पाहिले. "आसंल," तो म्हणाला. "पर करायचं काय? कचेरीत जाऊन सांगायचं कसं? ती इचारतील, तुमची मेंढरं किती. वहीत तीन इसा हायती वयनी."

"मग खरं सांगायचं."

"आन दंड? बेडी? ह्यो शिवप्पा त्येच्यावरच तर टेकलाय. ठावं हाय त्येला, आपुन जाणार न्हाय. द्या तीस-चाळीस मेंढरं आन मोकळं व्हा."

"औंदा तीस दिली म्हंजी म्होरल्या साली साठ मागंल," मायाक्का म्हणाली. "भावजी, सरकारचं खाल्लं आसंल तर ते सरकारला दीन. तोंड वर करून दीन. पर ह्येला का म्हणून? ह्येचं मी काय लागते?"

"तुमी जाऊ नगा."

"मी काय तुमाला इचाराय आले न्हाय. सांगाय आले."

तो कागद चोळीत खोचून ती निघाली. सांगोल्याच्या स्टेशनात छोट्या गाडीत बसली, कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत चढली आणि दुसऱ्या दिवशी गिरण्यांचा सकाळचा भोंगा होत होता तेव्हा सोलापूरच्या स्टेशनाबाहेर उभी होती. एवढी माणसं तिनं जत्रेतही बघितली नव्हती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कपाळाला भंडारा. जो तो वळून बघत होता आणि ती सगळ्यांना कचेरी कुठं म्हणून विचारत होती. लाज वाटायला तिच्याकडं वेळच नव्हता.

कचेरीसमोर लिंबाखाली अर्ज लिहून देणारे बसायचे. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं तिला हाक मारली. विरुपाक्ष त्याचं नाव, कपाळाला विभूतीचे पट्टे, मांडीवर लाकडी पेटी. तिनं कागद त्याच्या पुढ्यात टाकला. त्यानं तो डोळ्यांजवळ नेला, उन्हात धरला, पालथा केला आणि विचारलं, "यव्वा, हा कागद देताना तुझा अंगठा घेतला?"

"न्हाय."

"दुसऱ्या कागदावर, त्यांच्याकडं ठेवायच्या? नीट आठव."

"न्हाय म्हणते की. वाचला आन दिला."

"मग तुला कागद पोचला हे सरकारला कोण सांगणार? चाळीस वर्षं इथं बसलोय. खरा कागद घेऊन चपराशी येतो, त्याच्या छातीवर पितळी बिल्ला असतो, तो आधी तुझा अंगठा घेतो आणि मग कागद देतो. हातात पैसे घेत नाही. इथं वर जावक नंबर असतो, तो नाही. सही कुणाची, कुठल्या हुद्द्याची, पत्ता नाही. आणि हा शिक्का." तो हसायला लागला. "इतका सुंदर शिक्का आमच्या कचेरीत जन्मात उठला नाही. आमचा वाकडा उठतो, अर्धा पुसट. कशाला बोलावलंय तुला कचेरीत?"

"बोलावलं न्हाय. येऊ नगा म्हणाला."

"झालं तर मग. खोटा आहे. जा घरी आणि फाडून टाक."

"मी सांगितलेलं कोण मानंल? मला ह्येच्यावर कचेरीचं लिवून पायजे."

विरुपाक्षनं हसणं थांबवलं. "आत गेलीस की आकड्याचं निघेल," तो हळूच म्हणाला. धनगरांच्या आकड्यांची रीत त्यालाही ठाऊक होती. "असं कर, आकड्याची ओळ मी शाई सांडून घालवतो. मग जा."

मायाक्कानं कागद त्याच्या हातातून काढून घेतला. "शाई सांडू नगा. त्या वळीवरच तर आलीया मी."

आत एका मोठ्या टेबलामागं अव्वल कारकून बसला होता, काळी टोपी, नाकावर चष्मा. "काय गं, तुझं काय?" त्यानं मान वर न करता विचारलं. तिनं कागद पुढं सरकवला. वाचता वाचता त्यानं मान वर केली. मेंढरकर म्हणून असा कुठला करच नव्हता. चराई होती तेवढी, ती वेगळी. त्यानं शिपायाकडून सांगोल्याकडची चराईची वही मागवली, बोट फिरवत खाली आला आणि थांबला.

"वहीत साठ आहेत. या कागदात एकशे त्रेचाळीस. खरं कुठलं?"

खोलीत आणखी दोन-चार कारकून होते. त्यांच्याही लेखण्या थांबल्या. मायाक्कानं काठी घट्ट धरली.

"दोनी खोटं," ती म्हणाली. "सात इसाला एक कमी हायती. एकशे एकोणचाळीस. साठ आमी सांगितलं, मालक हुते तवापासनं. खोटं सांगितलं. ह्यो सात इसा आन तीनचा आकडा शिवप्पा दलालाच्या चिंचोक्यांचा हाय." आणि तिनं सगळं सांगितलं, लांडगा, बिरोबा, कोंडीबाची पंचवीस मेंढरं, सगळं.

कारकुनानं चष्मा काढला. हे त्याला नकोच होतं. वहीत साठ लिहिलेलं, त्यावर वरच्या साहेबांच्या सह्या झालेल्या, आता ते बदलायचं म्हणजे गार्डापासून सगळ्यांची चौकशी. तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, साठ आहेत ते साठच बरे. हा कागद खोटा आहे, तुम्ही भरू नका, विषय संपला. तुमचंच तुम्ही कशाला उकरून काढता? दंड बसेल."

आता तो तिला तुम्ही म्हणत होता, पण तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

"बसू द्या," ती म्हणाली. "रावसायब, जवर माजं खोटं तुमच्या वहीत हाय, तवर कुणीबी सायकलवाला येऊन मला भ्या दावील. आज ह्यो आला, उंद्या दुसरा यील. खोडा ते साठ. माज्या मेंढरांचा आकडा लिवा, काय चराई आन दंड बसतुया त्येचा खरा कागद करा, आन माजा अंगठा घ्या."

कारकुनाला नोकरीच्या इतक्या वर्षांत नोटीस मागून घेणारं माणूस भेटलं नव्हतं. मग त्यानं वहीतले साठ तांबड्या शाईनं खोडले, बाजूला नवा आकडा लिहिला आणि आपली सही केली. वाढलेल्या मेंढरांची चराई आणि थोडा दंड, महिनाभरात सांगोल्याच्या कचेरीत भरून पावती घ्यावी, पटत नसेल तर इथं येऊन दाद मागावी, असा कागद झाला. वर जावक नंबर पडला. शिक्का उठला तो वाकडा आणि अर्धा. दुसऱ्या प्रतीवर मायाक्काचा अंगठा घेतला. खोट्या कागदाची पोलिसांसाठी नक्कल करून घेतली आणि मूळ कागदावर कारकुनानं आडव्या ओळीत काहीतरी लिहून त्यावरही तोच वाकडा शिक्का मारला. तिला ते वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

आठव्या दिवशी सकाळी मायाक्का सांगोल्याच्या स्टेशनावरून चालत वस्तीवर पोचली तेव्हा गेरूच्या पट्ट्यांची मेंढरं बाजूला काढून झाली होती. शिवप्पा हाकणारी दोन माणसं घेऊन आला होता. सायकलवाला बाजेवर बसून चहा पीत होता. तिचा दीर हातात काठी घेऊन उभा होता, चेहरा उतरलेला, आणि बाळाबाई दारात रडत होती.

"थांबा सायब," मायाक्का सायकलवाल्याला म्हणाली. "माजा अंगठा घ्या."

"कशाला?"

"कागद मिळाला म्हणून. सरकारला लागतुया की. परवा तुमच्याच कचेरीत घेतला." तिनं अंगठा वर केला. शाई अजून गेली नव्हती.

सायकलवाल्यानं कप खाली ठेवला. शिवप्पानं त्याच्याकडं बघितलं आणि पटकन दुसरीकडं बघितलं. सिद्धनाथनं मात्र ते बघितलं.

तिनं चोळीतून त्याचाच कागद काढला. "हितं आडवं काय लिवलंय ते वाचा. आमाला वाचता येत न्हाय, तुमाला येतंय."

तो उठायला लागला. कोंडीबा म्हातारा त्याच्या सायकलपुढं जाऊन उभा राहिला. पाच घरची माणसं हळूहळू जवळ आली.

"हा कागद," सायकलवाला पुटपुटला, "या कचेरीचा..."

"मोठ्यानं," मायाक्का म्हणाली. "त्या दिवशी लई मोठ्यानं वाचलं हुतं."

"हा कागद या कचेरीचा नाही."

बाळाबाईचं रडणं थांबलं. शिवप्पा मात्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो पुढं झाला, आवाज चढवून म्हणाला, "मायाक्का, लई शाणपणा करू नगंस. वहीत तीन इसा लिवून सरकारला फसवलंय तुमी सगळ्यांनी. सांगू कचेरीत?"

"सांग की. मीच सांगून आले." तिनं दुसरा कागद काढून त्याच्या नाकासमोर धरला. "ह्यो खरा. दंड बसलाय मला, ह्यात लिवलाय. शिक्का वाकडा हाय बग, खरा आसाच आसतुया. आता तुज्याकडं माजं भ्या दावायजोगं काय ऱ्हायलंय?"

मग ती कळपाकडं वळली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माजी मेंढरं सात इसाला एक कमी हायती. एकशे एकोणचाळीस. शिवप्पाला ठावं न्हाय, त्येची चिंचोक्याची पिशवी कातरणीच्या दिसाची हाय. लांडग्यानं नेलेली दोन, पोट फुगून मेलेलं एक आन बिरोबाला दिलेलं एक, त्येंच्यावर बी कर मागतुया ह्यो."

आपला आकडा कळपासमोर तोंडानं सांगणारं माणूस त्या वस्तीनं पहिल्यांदाच बघितलं. दोघीतिघी बायका सवयीनं बाजूला थुंकल्या. मेंढरं मात्र चरत होती. सिद्धनाथनं एकदा वहिनीकडं बघितलं, एकदा आपल्या गेरूच्या मेंढरांकडं. घसा खाकरला. एरवी आभाळाकडं बघायचा तो माणूस ह्या वेळी शिवप्पाच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "माजी पाच इसा आन चार."

मागून कुणीतरी म्हणालं, "माजी दोन इसा आन सतरा." त्याच्या मागून आणखी एकानं सांगितला. इतकी वर्षं पोटात दाबून ठेवलेले आकडे, ते असे दिवसाढवळ्या बाहेर पडायला लागले आणि प्रत्येक आकड्याला शिवप्पा एक पाऊल मागं सरकत गेला. सायकलवाल्यानं सायकल धरायचा प्रयत्न केला, पण कोंडीबानं तिचं हँडल सोडलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी तोच म्हातारा बोलला. "माजी चार इसा आन पाच," कोंडीबा म्हणाला. त्यानं एकही कमी सांगितलं नाही. "त्यातली पंचवीस ह्येच्या सांगोल्याच्या वाड्यात हायती."

सगळ्यांनी शिवप्पाकडं बघितलं.

"दिवस बुडायच्या आत ती हितं आली पायजेत," मायाक्का म्हणाली. "तुजे पैसे समद्या वस्तीसमोर परत घेऊन जा. न्हाय आली, तर मला आता सोलापूरची वाट ठावं हाय."

दोघं मिळून चाललेला धंदा, तो मोडायला सरकारचं कुणी यावंच लागलं नाही. पोलीस आले ते नंतर, महिन्याभरानं. त्या दिवशी शिवप्पाची दोन माणसं धावत सांगोल्याकडं गेली, सायकलवाला आणि शिवप्पा बाजेवर बसून राहिले आणि त्यांच्यासमोर सिद्धनाथनं आपल्या तीस मेंढरांच्या पाठीवरचा गेरू ओल्या फडक्यानं पुसून काढला. दिवस टेकला होता तेव्हा धूळ दिसली. कोंडीबाची मेंढरं आली. म्हातारा जाळीच्या दाराशी उभा राहिला आणि एक-एक आत घेत मोठ्यानं मोजत गेला, पंचवीस होईपर्यंत.